हरला त्याचा चहा

केडगाव म्हटलं की समोरचा विचारतो, "दौंडजवळचं का?" त्या केडगावला रेल्वे स्टेशन आहे, आणि तिथून भिगवणचे रोहित पक्षी फार लांब नाहीत. आमचं केडगाव नगरचं, रेणुकामातेचं. इथे माळ, पडीक प्लॉट, ज्वारीची रानं आणि पुणे रोडची धूळ. अशा जागी दर रविवारी पाच-सहा माणसं गळ्यात दुर्बीण अडकवून पक्षी बघत फिरतात, त्यामुळे सुरुवातीला लोकांना आम्ही मोजणीवाले वाटलो. "रस्ता रुंद होतोय का साहेब?" असं एका आजोबांनी काळजीने विचारलंही होतं.

आमची एक दोनशे पानी वही आहे. पैज कशावर लागली, कोण हरलं, चहा कुणी पाजला, एवढंच तिच्यात लिहायचं. परवा ती भरली म्हणून पहिल्यापासून चाळली.

पहिल्याच पानावर प्रश्न आहे : महाराष्ट्राचा राज्यपक्षी कोणता? चौघांनी छातीठोक मोर सांगितला. उत्तर हरियाल. पिवळ्या पायांचं हिरवट कबूतर. चौघांचे चार चहा आमच्यातल्या एकट्या सरांनी प्यायले. गंमत पुढे आहे. हा राज्यपक्षी स्वतःच्या डोळ्यांनी बघायला आम्हाला दोन वर्षं लागली. फळांनी लगडलेल्या वडाखाली उभे राहून आम्ही "आज काहीच नाही राव" म्हणत होतो, आणि कुणीतरी शिंकल्याबरोबर वीस-पंचवीस पानं उडाली. तेच हरियाल.

मोराचा विषय निघाला की सर जुना किस्सा सांगतातच. 1963 साली मोर राष्ट्रीय पक्षी झाला. पक्षितज्ज्ञ सालिम अलींचा कौल मात्र माळढोकाला होता. माळढोकाच्या इंग्रजी नावात एक अक्षर चुकलं तर शिवी होते, या धास्तीने त्याची संधी हुकली, असं म्हणतात. खरं-खोटं कुणी तपासलेलं नाही, पण हसू दर वेळी येतं.

सगळ्यात मोठं भांडण सुगरणीवरून. विहिरीवर लोंबणारी घरटी बघून एकजण म्हणाला, "बाईमाणसाचं काम बघा, किती नेटकं." दुसऱ्याने पैज लावली. विणकाम सगळं नराचं. मादी येऊन घर तपासते, पसंत पडलं तरच राहते. सालिम अलींनी 1930 साली अलिबागजवळच्या किहीमला बसून हा संसार टिपला होता. पसंत न पडलेलं घर अर्धवट लोंबत राहतं आणि नर शेजारी दुसरं विणायला घेतो, हे ऐकून आमच्यातला एक बांधकामवाला म्हणाला, "आमची स्कीम पण अशीच अडकलीय."

टिटवीची नोंद मात्र तीन पानं खाते. मे महिन्यात बायपासच्या अलीकडे, खडी टाकलेल्या एका प्लॉटात टिटवी आमच्या डोक्यावरून किंचाळत घिरट्या घालू लागली. अंडी जवळपासच होती, दिसत नव्हती. कुणी पाऊल उचलेना. शेवटी सरांनी बोट दाखवलं. माझ्या बुटापासून वीतभर अंतरावर चार अंडी, टोकं आत करून फुलीसारखी मांडलेली. मातकट रंग, त्यावर काळे डाग. घरटं असं नाहीच, नुसता खळगा आणि कडेला चार खडे. आमच्याकडे म्हणतात, टिटवीने उंचावर अंडी घातली तर पाऊस जोरात, आणि जितकी अंडी तितके महिने पाऊस. लगेच पैज लागली. पाऊस काही चार महिने टिकला नाही. अंडी घालणारी टिटवी सुटली, तिच्यावर विश्वास ठेवणाऱ्याने चहा पाजला.

चातकाचं तर आमच्याकडे हसंच होतं. तो आफ्रिकेहून जूनच्या तोंडावर येतो, आणि नगरचा खरा पाऊस सप्टेंबरात.

मधल्या पानांत मोबाइल शिरला. आवाज ऐकून पक्षी सांगणारं ॲप एका पोराने आणलं. बाभळीतून आवाज आला, फोनने छातीठोक सांगितलं : शिक्रा. सगळे मान वर करून थांबले. फांदीवर कोतवाल बसला होता, शिक्र्याची हुबेहूब नक्कल करत. चहा कुणी द्यायचा यावर बराच खल झाला. फोनच्या मालकाने दिला.

एक पैज मात्र कुणी जिंकली नाही. माळढोक दाखवील त्याला वर्षभर चहा फुकट. 1979 साली सोलापूर आणि नगर मिळून साडेआठ हजार चौरस किलोमीटरच्या आसपास माळढोक अभयारण्य जाहीर झालं, त्यात आमचे कर्जत-श्रीगोंदेही होते. पुढे ते कापून सव्वाबाराशेवर आणलं. जमीन मोकळी झाली, पक्षी आधीच जवळपास गेला होता. या पानावर विनोद फारसे नाहीत.

नवी वही आणली आहे. निसर्गलेखक मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस 5 नोव्हेंबर, सालिम अलींचा 12 नोव्हेंबर. मधला आठवडा राज्यात पक्षी सप्ताह म्हणून पाळतात. चितमपल्ली जून 2025 मध्ये गेले, म्हणून पहिल्या पानावर त्यांचं नाव लिहून ठेवलंय. त्या आठवड्यात रोज पहाटे सहाला आम्ही देवीच्या मंदिरापाशी जमतो. दुर्बीण नसली तरी या. चहाचे सुटे पैसे मात्र खिशात असू द्या.