नळाला मीटर बसवावा का? आधी हा हिशेब करा

गोंदिया शहराला महाराष्ट्र जीवन प्राधिकरण वैनगंगेचं पाणी पुरवतं. गावांमध्ये बहुतेक ठिकाणी ग्रामपंचायत वर्षाची ठरावीक पाणीपट्टी घेते. ठरावीक दरात दोन माणसांचं घर आणि आठ माणसांचं घर सारखेच पैसे भरतं. मीटर असेल तर जेवढा वापर, तेवढं बिल.

किती युनिट लागतात?
1 युनिट म्हणजे 1000 लिटर. शहरात माणशी रोज 135 लिटर धरले, तर पाच जणांना महिन्याला सुमारे 20 युनिट लागतात. जल जीवन मिशनच्या 55 लिटरच्या निकषाने सुमारे 8.

परवडेल का?
वर्षाच्या पाणीपट्टीला 12 ने भागा, मग युनिटच्या दराने भागा. तुमचा महिन्याचा वापर या आकड्यापेक्षा बराच कमी असेल, तरच मीटर फायद्याचा. मीटरची किंमत आणि किमान बिल किती, तेही आधी विचारा.

गळतीचं काय?
मीटरनंतरच्या गळतीचं बिल तुमच्याच माथी. सेकंदाला एक थेंब गळणारा नळ दिवसाला सुमारे 20 लिटर वाया घालवतो. पाणी येण्याच्या वेळी घरातले सगळे नळ आणि टाकीचा कॉक बंद करा. तरीही मीटर फिरत असेल, तर आधी प्लंबरला बोलवा.