नेट महाग, कमान स्वस्त: मे महिन्यातलं रोप जगवायचा जुगाड

रोपवाटिका सुरू करायची म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "शेडनेट हाऊसला लोन मिळेल का?" मी उलटा प्रश्न विचारतो, गिऱ्हाईक किती आहेत? उत्तर नसेल तर लोन सध्या बाजूला ठेवा. आधी २० फुटांचे तीन वाफे झाकून दाखवा.

आपल्या चांदूर बाजार भागात धंद्याचं गणित मे महिन्यात आहे. शेतकऱ्याला मिरचीचं रोप जून-जुलैत पाहिजे. रोप तयार व्हायला ३५ ते ४० दिवस लागतात. म्हणजे बी टाकायचं मेमध्ये, जेव्हा पारा ४५ ला टेकतो. वरून पांढरी माशी, आणि तिच्यासोबत चुरडामुरडा. उघड्यावर टाकलेलं बी उगवतं, पण रोप टिकत नाही. ज्याचं टिकलं, त्याच्याकडे माल आहे.

आता झाकण कशावर टाकायचं? बाजारात तयार कमानी मिळतात. पण माझं मत स्पष्ट आहे: पैसा नेटवर घाला, कमानीवर नाही. ४० मेशचं इन्सेक्ट नेट नीट वापरलं तर तीन-चार हंगाम चालतं. त्याला फाडतं कोण? बहुतेक वेळा कमानच. टोकदार कामटी, गंजलेली सळई, तारेचं उघडं टोक. म्हणून कमान स्वस्त असली तरी गुळगुळीत पाहिजे.

स्वस्त सामान आपल्याच वावरात पडलेलं असतं. संत्र्याच्या बागा आहेत म्हणून ठिबकच्या जुन्या १६ मिमी नळ्यांचे गुंडाळे गोठ्यावर पडलेले दिसतात. नुसती लॅटरल वाकवून रोवली तर उन्हात मऊ पडते आणि नेटच्या वजनानं बसते. म्हणून आत ६ एमएमची साधी सळई सरकवा. ३ फूट रुंद वाफ्यावर दीड फूट उंच गोल कमान पाहिजे असेल तर गोलाई येते ४.७ फूट. दोन्ही पाय ९-९ इंच जमिनीत. एकूण सव्वासहा फूट. ६ एमएम सळई मीटरला २२२ ग्रॅम भरते, म्हणजे एका कमानीला साधारण ४२० ग्रॅम. २० फुटांच्या वाफ्याला ४-४ फुटांवर ६ कमानी, अडीच किलो लोखंड. आजचा किलोचा भाव तुमच्या लोखंडवाल्याला विचारा आणि स्वतः गुणाकार करा. माझ्या आकड्यावर धंदा करू नका, भाव रोज बदलतात.

लॅटरलचा दुसरा फायदा लोक विसरतात. उन्हात लोखंड तापतं, आणि झाकण जिथे तापलेल्या लोखंडाला टेकतं तिथूनच आधी खराब होतं. प्लास्टिक फिल्म तर हमखास तिथेच चिरते. नळीचं कातडं मध्ये आलं की हा त्रास कमी.

लोखंडही नको असेल तर बांबू. ओला बांबू चिरून बोटभर रुंद कामट्या काढा, पेरं चाकूनं तासून घ्या आणि गुळगुळीत हिरवी पाठ वरच्या बाजूला ठेवा. वाळलेली कामटी रात्रभर पाण्यात भिजवल्याशिवाय वाकवू नका. धुऱ्यावर घरचा बांबू असेल तर आणखी बरं. २०१७ च्या कायदा दुरुस्तीनं वनक्षेत्राबाहेरचा बांबू 'झाड' या व्याख्येतून बाहेर काढला आहे. बांबूची कमान एक-दोन हंगामाची, सळईची अनेक वर्षांची. पहिल्या वर्षी बांबू, गिऱ्हाईक जमल्यावर सळई, असं मी सांगतो.

आपली काळी माती इथे एक खोडी करते. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि रोवलेला पाय सैल होतो. म्हणून पायाभोवती थोडी वाळू ठासा, शिवाय सगळ्या कमानींच्या माथ्यावरून एक दोरी ओढून दोन्ही टोकांना खुंटीला बांधा. दोरी नसेल तर वावधान सुटलं की कमानी पत्त्यांसारख्या एकमेकींवर पडतात.

नेट ७ फूट रुंद, २५ फूट लांब घ्या. एक बाजू मातीत गाडा, दुसरी वाळू भरलेल्या पिशव्यांनी दाबा, म्हणजे पाणी द्यायला उघडता येते. नेट पकडायला क्लिपही विकत नको. त्याच जुन्या लॅटरलचे तीन-तीन इंच तुकडे कापा, लांबीत चीर द्या आणि नेटवरून कमानीवर दाबून बसवा. घट्ट बसतात.

पण नुसतं हे नेट मेमध्ये पुरत नाही. बारीक नेटच्या आत हवा कोंडते. सावलीसाठी ५० टक्क्यांचं हिरवं शेडनेट वेगळं पाहिजे, आणि ते कमानीवर टाकायचं नाही. ६-७ फुटांच्या बांबूंवर वर ताणायचं, मध्ये हवा खेळली पाहिजे. हे बांबू कुठून? मृगाची संत्री फेब्रुवारी-मार्चमध्ये उतरली की फांद्यांना लावलेले टेकू मोकळे होतात. ओळखीच्या बागवाल्याकडून दोन महिन्यांसाठी मागून घ्या, बदल्यात त्याला थोडी रोपं द्या.

आता मालाचा हिशोब. ९८ खाचांचे ट्रे या वाफ्यात आडवे तीन, लांबीत अकरा, असे ३३ बसतात. खाचे झाले ३,२३४. उगवण, मर, कमजोर रोपं वजा करून मी २,६०० च धरतो. ४ बाय दीड फुटावर एकरी मिरचीला ७,२६० रोपं लागतात. म्हणजे तीन वाफे मिळून एक एकरवाला एकच शेतकरी! म्हणूनच सुरुवातीला गिऱ्हाईक किती असं विचारलं. असे पाच शेतकरी आधीच थोडी उचल देऊन बुकिंग करत असतील, तर शेडनेट हाऊसचं बोलू.

त्यासाठी कृषी विभागाची पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर रोपवाटिका योजना आहे, २०२० मध्ये सुरू झालेली. १० गुंठ्यांच्या भाजीपाला रोपवाटिकेला ५० टक्के, कमाल २ लाख ३० हजार रुपये अनुदान, अशी तिची रचना. पण उरलेले निम्मे तुमचेच, आणि खर्च आधी तुम्ही करायचा असतो. जायच्या आधी तालुका कृषी कार्यालयात यंदाचा लक्ष्यांक शिल्लक आहे का ते विचारा, आणि तीन वाफ्यांची विक्रीची वही सोबत न्या.