दोन टक्क्यांत न मावणारी जबाबदारी

गैरसमज: दोन टक्के खर्च केले की कंपनी जबाबदार ठरली.

कंपनी कायद्याच्या कलम 135 नुसार 1 एप्रिल 2014 पासून मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्यातले किमान दोन टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात. सीएसआर, म्हणजे कंपन्यांची सामाजिक जबाबदारी, म्हटलं की आपल्याला एवढंच आठवतं. पण जो खर्च दुसऱ्या एखाद्या कायद्याने मुळातच बंधनकारक आहे, तो या हिशेबात धरता येत नाही. शाळेला दिलेले बाक त्यात बसतात, स्वतःचं सांडपाणी शुद्ध करण्याचा खर्च बसत नाही. थोडक्यात, नफ्यातलं काय वाटलं ते या आकड्यावरून कळतं. तो नफा कसा कमावला, ते कळत नाही.

एप्रिल 2016 आठवून पाहा. मराठवाडा टँकरवर जगत होता आणि जायकवाडी धरणाने तळ गाठला होता. तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद (आताचं छत्रपती संभाजीनगर) खंडपीठाने मद्यनिर्मिती उद्योगांच्या पाण्यात टप्प्याटप्प्याने 60 टक्क्यांपर्यंत कपात करायला सांगितलं. शेजारची गावं तहानलेली असताना आपण किती पाणी उचलावं, हा जबाबदारीचाच प्रश्न होता. सीएसआरच्या कोणत्याही रकान्यात त्याला जागा नाही.

गैरसमज: लहान कारखान्यांना हे लागू नाही.

कलम 135 लागू नाही, हे खरं. त्यासाठी 500 कोटींचं नक्त मूल्य, 1,000 कोटींची उलाढाल किंवा 5 कोटींचा निव्वळ नफा लागतो. पण 31 डिसेंबर 2023 च्या पहाटे शहराजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीत (एमआयडीसी) हातमोजे बनवणाऱ्या कारखान्याला आग लागली आणि आत झोपलेले 6 कामगार गेले. कामगाराला बाहेर पडायला वाट असणं ही उलाढालीवर ठरणारी गोष्ट नाही. अमेरिकी अभ्यासक आर्ची कॅरोल यांनी 1991 मध्ये मांडलेल्या पिरॅमिडमध्ये आर्थिक जबाबदारी तळाशी आहे, तिच्यावर कायद्याची, मग नीतीची, आणि दानधर्म अगदी शेंड्याला. आपल्याकडे चर्चा शेंड्याचीच होते, याचं मला फार वाईट वाटतं.

गैरसमज: जबाबदारीची संकल्पना कुठलीही घ्या, अर्थ एकच.

वाळूजच्या एखाद्या मोठ्या कंपनीने सुटे भाग पुरवणाऱ्या लघुउद्योगाचं बिल चार महिने अडकवलं, असं समजू. अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन (1970) विचारतील, नियम मोडला का? एमएसएमई कायद्याने 45 दिवसांची मर्यादा घातली आहे, म्हणजे मोडला. व्यवस्थापनाचे अभ्यासक एडवर्ड फ्रीमन (1984) यांच्या लेखी पुरवठादार हा भागधारकाइतकाच हितसंबंधी. मर्यादा नसती तरी त्यांनी हे गैरच म्हटलं असतं. सामायिक मूल्याची कल्पना मांडणारे पोर्टर आणि क्रेमर (2011) म्हणतील, पुरवठादार खंगला तर उद्या तुमचाच माल निकृष्ट निघेल. गांधीजींच्या विश्वस्त कल्पनेत तर मुळात तो पैसा कंपनीने आपला समजायचाच नाही. आणि दोन टक्क्यांच्या हिशेबात ही कंपनी निष्कलंक.

गैरसमज: मग सीएसआर म्हणजे निव्वळ देखावा.

असं म्हणणं छत्रपती संभाजीनगरच्या खाम नदीवरच्या कामावर अन्याय करणारं आहे. महापालिका, छावणी परिषद, व्हॅरॉक कंपनी आणि पर्यावरण क्षेत्रातली इकोसत्त्व यांनी मिळून या नदीच्या पुनरुज्जीवनाचं काम हाती घेतलं. उद्योगाचा पैसा आणि चिकाटी तिथे खरोखर उपयोगी पडली.

म्हणून संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्यांनी सीएसआर खर्चाला जबाबदारीचं माप मानू नये. शेअर बाजारातल्या आघाडीच्या 1,000 कंपन्यांना 2022-23 पासून सेबीच्या नियमानुसार व्यवसाय जबाबदारी व शाश्वतता अहवाल (बीआरएसआर) द्यावा लागतो. त्यात पाण्याचा वापर आणि कामगारांचे अपघात नोंदवलेले असतात. ते आकडे खर्चाशेजारी मांडावेत. लघुउद्योगांचा असा अहवालच नसतो. तिथे वाळूज-चिकलठाणा औद्योगिक वसाहतींतल्या शेडमध्ये जाऊन दुसरा दरवाजा आहे का, हे स्वतः पाहावं लागेल.