तेलात बुडवलेला सर्व्हर दुरुस्त कसा करायचा? स्वतंत्र पेट्यांच्या शीतकरणाचा पर्याय

नवी दिल्ली : इलेक्ट्रॉनिक उपकरण आणि द्रव यांचे वैर सर्वपरिचित आहे. लॅपटॉपवर चहा सांडला तरी धाबे दणाणते. तरीही जगातील काही डेटा सेंटरमध्ये लाखो रुपये किमतीचे सर्व्हर हेतुपुरस्सर द्रवात बुडवून ठेवले जातात आणि त्याच अवस्थेत ते अहोरात्र काम करीत असतात. या पद्धतीला ‘द्रव निमज्जन शीतकरण’ म्हणतात. उष्णता शोषण्याच्या बाबतीत तिची सरशी केव्हाच सिद्ध झाली आहे. प्रश्न उरतो तो दुरुस्तीचा. या प्रश्नाचे एक उत्तर म्हणून सामायिक हौदाऐवजी प्रत्येक सर्व्हरला स्वतंत्र, सीलबंद पेटी देणारी ‘मॉड्युलर’ रचना पुढे आली आहे.

हवा का अपुरी पडते?

सर्व्हरला मिळणारी जवळजवळ सर्व वीज अखेरीस उष्णतेत रूपांतरित होते. पारंपरिक डेटा सेंटरमध्ये ही उष्णता पंख्यांच्या आणि वातानुकूलन यंत्रणेच्या साहाय्याने बाहेर टाकली जाते. एका रॅकचा वीजभार पाच ते दहा किलोवॉट असेपर्यंत ही व्यवस्था पुरेशी होती. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी वापरल्या जाणाऱ्या एन्व्हिडियाच्या एच १०० या एकाच प्रोसेसरची कमाल वीजगरज मात्र ७०० वॉटपर्यंत जाते, तर याच कंपनीच्या त्यानंतरच्या पिढीतील एका पूर्ण रॅकचा भार सुमारे १२० किलोवॉट आहे. एवढी उष्णता केवळ वाऱ्याच्या झोतावर हटवणे अव्यवहार्य ठरते.

आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये जगभरातील डेटा सेंटरनी सुमारे ४१५ अब्ज युनिट वीज वापरली. हे प्रमाण जगातील एकूण वीजवापराच्या सुमारे दीड टक्का होते. २०३० पर्यंत हा आकडा सुमारे ९४५ अब्ज युनिटवर जाईल, असे संस्थेचे भाकीत आहे. त्यामुळे शीतकरणावर खर्च होणारी वीज हा आता सार्वजनिक महत्त्वाचा विषय बनला आहे.

समान आकारमानाच्या हवेच्या तुलनेत खनिज तेल हजारपटीहून अधिक उष्णता सामावून घेऊ शकते. शिवाय ते विद्युतरोधक असल्याने शॉर्टसर्किटचा धोका नसतो. रस्त्याच्या कडेला दिसणाऱ्या विजेच्या रोहित्रात शतकाहून अधिक काळ तेल वापरले जाते, ते याच दोन गुणांसाठी.

जुनी कल्पना, जुनीच अडचण

संगणकाच्या क्षेत्रात ही कल्पना नवी नाही. १९८५ मध्ये आलेल्या ‘क्रे-२’ या महासंगणकाचे सर्व विद्युतमंडल ‘फ्लोरिनर्ट’ नावाच्या द्रवात बुडवलेले होते. त्यातील एखादा भाग बदलायचा झाल्यास आधी हा द्रव शेजारच्या टाकीत उपसावा लागे. पुढे २०१३ मध्ये टोकियो तंत्रज्ञान संस्थेच्या तेलात बुडवलेल्या ‘त्सुबामे-केएफसी’ या यंत्रणेने ऊर्जाकार्यक्षम महासंगणकांच्या ‘ग्रीन ५००’ यादीत पहिला क्रमांक पटकावला. २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टने अमेरिकेतील क्विन्सी येथील डेटा सेंटरमध्ये ५० अंश सेल्सिअसला उकळणाऱ्या द्रवाचा वापर सुरू केला.

एवढे असूनही ही पद्धत सार्वत्रिक झाली नाही. त्याची काही कारणे हौदाच्या रचनेतच दडलेली आहेत. प्रचलित पद्धतीत आडव्या टाकीमध्ये अनेक सर्व्हर उभे सोडलेले असतात. त्यांपैकी एकाचा मेमरी कार्डसारखा किरकोळ भाग बिघडला तरी टाकीचे झाकण उघडावे लागते. सर्व्हर यारीने वर उचलून तेल निथळेपर्यंत तसाच धरून ठेवावा लागतो आणि नंतर तो पुसून दुरुस्तीच्या टेबलावर न्यावा लागतो. तंत्रज्ञांचे हातमोजे, अवजारे आणि आसपासची फरशी तेलकट होते. घसरून पडण्याचा धोका असतो तो वेगळाच. उकळत्या द्रवाच्या पद्धतीत झाकण उघडताच महागडी वाफ निसटते. वजनाचा प्रश्नही मोठा आहे. हजार लिटर तेलाचेच वजन आठशे किलोच्या घरात जाते आणि तेवढा भार पेलणारी जमीन जुन्या इमारतींत असतेच असे नाही.

मॉड्युलर रचनेत काय बदलते?

मॉड्युलर रचनेत सामायिक हौदच नसतो. प्रत्येक सर्व्हर वा सर्किट बोर्ड आपापल्या बंद पेटीत मोजक्याच द्रवात बुडवलेला असतो. या पेट्या नेहमीच्या उभ्या रॅकमध्ये कपाटाच्या खणांप्रमाणे एकावर एक बसतात.

उष्णता बाहेर काढण्याचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात विद्युतरोधक द्रवच पेटीतून बाहेर जातो, मध्यवर्ती उष्णता विनिमयकात थंड होतो आणि पंपाद्वारे परत येतो. दुसऱ्यात हा द्रव पेटीतच फिरत राहतो व आतील लहान विनिमयकामार्फत आपली उष्णता बाहेरून आलेल्या पाण्याच्या नळीला देतो.

या रचनेची गुरुकिल्ली म्हणजे झटपट सुटणारे, स्वयंबंद जोड. घरगुती गॅस सिलिंडरवरील रेग्युलेटर काढताच सिलिंडरची झडप आपोआप बंद होते. येथेही तत्त्व तेच आहे. जोड सुटताच दोन्ही बाजूंच्या झडपा मिटतात आणि द्रव सांडत नाही. तंत्रज्ञ बिघडलेल्या सर्व्हरचा वीजपुरवठा बंद करतो, नळ्यांचे जोड सोडवतो, पेटी बाहेर ओढतो आणि त्या जागी राखीव पेटी बसवतो. शेजारचे सर्व्हर या काळात सुरूच राहतात. तेल काढणे, भाग बदलणे आणि चाचणी घेणे ही कामे नंतर कार्यशाळेत सावकाश करता येतात. एखाद्या पेटीतील द्रव दूषित झाला तरी त्याचा संसर्ग इतरांना होत नाही.

मर्यादाही तितक्याच खऱ्या

प्रत्येक पेटीमागे किमान दोन जोड म्हणजे गळतीच्या संभाव्य जागाही तितक्याच वाढतात. दर्जेदार जोडांची किंमत मोठी असते. तेलाच्या दीर्घ संपर्काने पीव्हीसीच्या वायरी कडक होतात, प्रोसेसरवरील उष्णतावाहक लेप निघून जाऊ शकतो आणि हवेसाठी छिद्र असलेल्या साध्या हार्ड डिस्क द्रवात चालत नाहीत. त्यामुळे सर्व्हरची बांधणी मुळातूनच द्रवासाठी करावी लागते. विविध उत्पादकांच्या पेट्या आणि जोड परस्परांशी जुळणे हेही आव्हान आहे. ‘ओपन कॉम्प्युट प्रोजेक्ट’ या उद्योगसंघटनेने त्या दृष्टीने मार्गदर्शक आवश्यकता प्रसिद्ध केल्या आहेत.

द्रवाच्या निवडीलाही पर्यावरणीय बाजू आहे. निसर्गात दीर्घकाळ न विघटित होणाऱ्या ‘पीएफएएस’ रसायनांचे उत्पादन २०२५ अखेर थांबवण्याची घोषणा थ्रीएम कंपनीने डिसेंबर २०२२ मध्ये केली. फ्लोरिनर्टही याच कंपनीचे उत्पादन. त्यामुळे न उकळणाऱ्या तेलांकडे कल वाढणे स्वाभाविक आहे.

भारतासाठी अर्थ

देशातील डेटा सेंटर क्षमतेचा सर्वांत मोठा वाटा मुंबई आणि नवी मुंबई परिसरात आहे. चेन्नई, हैदराबाद आणि नोएडा येथेही विस्तार सुरू आहे. दमट किनारपट्टी असो वा उत्तरेतील कडक उन्हाळा, हवेवर चालणाऱ्या शीतकरणाला येथे अधिक वीज, आणि अनेक ठिकाणी पाणीही, खर्ची घालावे लागते. पुण्याच्या ‘सी-डॅक’ने उभारलेल्या ‘परम’ मालिकेतील काही महासंगणकांत द्रवशीतकरण आधीपासूनच आहे. मात्र तेथे सर्व्हर बुडवला जात नाही, तर प्रोसेसरला चिकटलेल्या पट्टीतून द्रव फिरवला जातो.

थेट पट्टी, सामायिक हौद की स्वतंत्र पेटी, यांची निवड केवळ वीजबचतीच्या आकड्यावर ठरणार नाही. बँकेचा व्यवहार, रेल्वेचे आरक्षण किंवा रुग्णालयाची नोंद ज्या सर्व्हरवर अवलंबून आहे, तो मध्यरात्री बंद पडल्यास पाळीवरील तंत्रज्ञाला तो किती लवकर आणि किती सुरक्षितपणे बदलता येतो, ही कसोटीही तितकीच निर्णायक ठरेल.