किक मारण्याआधी

कोकणातल्या पडवीत नाहीतर पुण्यातल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये वर्षानुवर्षं धूळ खात उभी असलेली हिरो होंडा स्प्लेंडर स्वस्तात मिळून जाते. ती घेणाऱ्या नवख्याला सल्लाही ठरलेलाच मिळतो: नवी बॅटरी टाक, पेट्रोल भर आणि किक मार. १९९४ साली आलेलं हे मॉडेल इतकं चिवट, की एवढ्यावरही ते कधीकधी सुरू होतं. गैरसमज पक्के होतात ते तिथेच.

जुन्या, नुसत्या किकवर चालणाऱ्या स्प्लेंडरला सुरू व्हायला बॅटरी लागत नाही. प्लगला ठिणगी देणारी वीज किकबरोबर फिरणारा मॅग्नेटोच तयार करतो. हॉर्न आणि इंडिकेटर बॅटरीवर चालतात. म्हणजे इंजिन पेटत नसेल, तर बॅटरीवर केलेला पहिला खर्च वाया जातो. इंधन इंजेक्शनच्या गाड्यांचं मात्र वेगळं. त्यांचा पंप विजेवर चालतो, तिथे बॅटरी धडधाकट हवीच.

खरा दोष बहुधा पेट्रोलमध्ये असतो. ‘टाकीत आहे त्यातच थोडं ताजं ओतलं की झालं’ हा समज सगळ्यात महागात पडतो. पेट्रोलमधला हलका, चटकन पेट घेणारा भाग आधी उडून जातो आणि उरलेल्याचा हवेशी संबंध येऊन चिकट राळ बनते. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते हवेतला ओलावाही शोषून घेतं. अर्धवट रिकाम्या टाकीला आतून गंज चढतो तो वेगळाच. ही राळ कार्ब्युरेटरच्या पायलट जेटमध्ये बसते आणि त्याचं भोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक असतं. गाडी चोकवर चालते, चोक काढला की बंद पडते, तर संशय आधी याच जेटवर घ्यावा. टाकी उघड्या हवेत, आगीपासून लांब पूर्ण रिकामी करावी, कार्ब्युरेटर उघडून साफ करावा. नळीने पेट्रोल तोंडाने ओढण्याची सवय जिवावर बेतू शकते. ते फुफ्फुसात गेलं तर थेट दवाखाना.

किक जड लागली की तिच्यावर उभं राहून जोर लावणारे पुष्कळ. वर्षानुवर्षं उभ्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला गंजाने धरलेल्या असू शकतात, जोर केला तर तुटतात. प्लग काढून त्या भोकातून थोडं इंजिन ऑइल सोडावं, एक रात्र मुरू द्यावं, मग गाडी डबल स्टँडवर टॉप गिअरमध्ये टाकून मागचं चाक हाताने सावकाश फिरवावं. घाई न करणाऱ्याचं इंजिन वाचण्याची शक्यता जास्त. एअर फिल्टरचा डबाही उघडून पाहावा. उंदरांना तो फार आवडतो.

‘किलोमीटर झाले नाहीत, मग ऑइल कशाला बदलायचं?’ पडून राहिलेल्या ऑइलमध्ये पाणी आणि आम्ल साठतं, म्हणून ते पहिल्या किकच्या आधीच बदलावं. आठवड्याला दोन मिनिटं इंजिन चालवून ‘तब्येत राखणं’ हाही भ्रमच. एक लिटर पेट्रोल जळताना जवळपास एक लिटर पाणी तयार होतं. सायलेन्सर नीट तापला नाही, तर ते आतच राहून त्याला गंजवतं.

टायरची नक्षी शाबूत म्हणून टायर चांगला, असंही नाही. बाजूवरचा चार आकडी कोड पाहावा: २३१६ म्हणजे २०१६ सालचा २३वा आठवडा. रबर उभ्याउभ्याही कडक होऊन तडकतं. ब्रेकच्या लायनर आणि केबल रस्त्यावर उतरण्याआधी तपासाव्यात. डिस्क असेल तर ब्रेक ऑइल बदलावं, कारण तेही ओलावा शोषतं.

आणि इंजिन गुरगुरलं म्हणजे गाडी रस्त्यावर आणायला मोकळी, असं नव्हे. खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे नूतनीकरणासाठी गाडी आरटीओत तपासणीला न्यावी लागते. विमा आणि पीयूसी तर हवेच. म्हणून पैसे देण्याआधीच आरसीवरचा चासी नंबर गाडीवरच्या नंबराशी ताडून पाहावा, गाडीवर कर्जाचा बोजा आहे का हेही बघावं.