लग्न ठरलं, पण लावणार कोण?

कोकणातल्या ज्यूंनी शेकडो वर्षं रब्बीवाचून लग्नं लावली. ज्यू लग्न म्हटलं की सिनेमातून ओळखीचा झालेला दाढीवाला रब्बी डोळ्यांपुढे येतो. पण अलिबाग, पेण, रेवदंड्याच्या बेने इस्रायलांकडे असा माणूस पिढ्यान् पिढ्या नव्हताच. तरी लग्नं लागली, संसार झाले, वंश वाढला. पुढे विसाव्या शतकात मात्र हीच गोष्ट त्यांच्या अंगाशी आली. लग्न कोण लावतो, या साध्या प्रश्नात समाजात कोणाला धरायचं आणि कोणाला वगळायचं हे ठरवण्याची केवढी ताकद असते, ते तेव्हा दिसलं.

धर्मशास्त्र काय मागतं?

ज्यू धर्मशास्त्राला विवाहासाठी रब्बी लागतोच असं नाही. वरानं वधूला स्वतःच्या मालकीची, थोडी का होईना किंमत असलेली वस्तू, बहुधा साधी अंगठी, द्यायची. ठरलेलं वचन उच्चारायचं. आणि हे सारं दोन पात्र साक्षीदारांनी पाहायचं. पत्नीच्या हक्कांची हमी देणारा करार, म्हणजे केतुबा, तयार करायचा. सात आशीर्वचनांच्या वेळी दहा पुरुषांचा मिन्यान जमलेला असावा, अशी परंपरा. शेवटी पेला फोडतात, तो जेरुसलेमच्या उद्ध्वस्त मंदिराची आठवण म्हणून.

मग रब्बी कशाला? तो देव आणि माणूस यांच्यातला मध्यस्थ नाही. तो शास्त्र जाणणारा, निवाडा करणारा. ज्याला विवाह आणि घटस्फोटाचे नियम नीट ठाऊक नाहीत त्यानं त्यात पडू नये, असं तालमूद हा ज्यूंचा धर्मग्रंथ बजावतो. कारण चूक झाली तर तिचं ओझं मुलाबाळांवर पडतं. आधीचा घटस्फोट शास्त्राप्रमाणे झालेला नसताना स्त्रीनं दुसरं लग्न केलं, तर त्या लग्नातल्या अपत्यांना पुढे समाजात लग्न करणं जवळजवळ अशक्य होतं. त्यामुळे रब्बीचं खरं काम मंडपात उभं राहण्याआधीच सुरू होतं: दोघं ज्यू आहेत ना, मोकळे आहेत ना, नात्यात काही आडकाठी नाही ना. तारीखही तोच तपासतो. शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, आणि मोठ्या सणांना लग्न लागत नाही. तिशा बआवच्या उपासाआधीचे तीन आठवडेही वर्ज्य.

काजी आणि हझान

बेने इस्रायलांच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आले आणि सात जोडपी वाचली. तेल गाळण्याचा धंदा आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून गावानं त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटलं. ग्रंथ हरवले होते, हिब्रू विसरली होती. पण शब्बाथ, सुंता आणि ‘शेमा’ ही प्रार्थना टिकली होती. दाविद राहाबी नावाच्या ज्यूनं त्यांना ओळखलं, अशी कथा आहे. त्यानं बायकांपुढे वेगवेगळ्या जातींची मासळी ठेवली, तेव्हा त्यांनी पर आणि खवले नसलेले मासे अचूक बाजूला काढले. त्यानं तिघांना धर्मविधी शिकवले. झिराडकर, राजपूरकर आणि शापूरकर ही त्यांची घराणी, आणि त्यांना मिळालेलं पद ‘काजी’. मुसलमानी अमलाच्या मुलखातला शब्द ज्यूंनी सहज उचलला. लग्न लावणं आणि तंटे मिटवणं ही कामं बापाकडून मुलाकडे जात राहिली.

1796 मध्ये सॅम्युएल इझिकिएल दिवेकर यांनी मुंबईत मांडवीला ‘शाआर हारहामिम’ हे पहिलं सिनेगॉग, म्हणजे ज्यू प्रार्थनास्थळ, बांधलं. मग कोचीनचे ज्यू शिक्षक आले, हिब्रू शिकवू लागले. अलिबाग, पनवेल, पुणे, ठाणे इथेही सिनेगॉग उभी राहिली. काजीची जागा हळूहळू हझाननं घेतली. हझान हा प्रार्थना चालवणारा, रब्बीची पदवी नसलेला जाणकार. आजही महाराष्ट्रातली बहुतेक ज्यू लग्नं हझानच लावतात.

या लग्नाचा थाट पुरता इथला. आदल्या दिवशी मेंदी. पोहे, खोबरं, साखर आणि फळांचा मलिदा एलियाहू हन्नबीच्या, म्हणजे प्रेषित एलियाहूच्या, नावानं. सिनेगॉगच्या मधल्या चौथऱ्यावर, म्हणजे तेव्यावर, वर उभा राहतो आणि पांढऱ्या साडीतली वधू आत येऊ लागली की तिच्याकडे पाहत हिब्रू गीत म्हणतो. मग केतुबा वाचला जातो, सह्या होतात. वधूच्या गळ्यात मंगळसूत्र असलं तरी कोणाला त्यात वावगं वाटत नाही.

जेरुसलेमचा दरवाजा

इस्रायल स्थापन झाल्यावर हजारो बेने इस्रायली तिकडे गेले. तिथे 1953 च्या कायद्यानं ज्यूंचे विवाह आणि घटस्फोट धर्मपीठांच्या ताब्यात दिले होते. नोंदणी पद्धतीचं लग्न देशात होत नव्हतं, आजही होत नाही. म्हणजे रब्बीनं नकार दिला की वाट खुंटली. काही रब्बींनी नकार दिलाच. इतकी शतकं तुटून राहिलेल्या या लोकांना घटस्फोटाचे नियम माहीत नव्हते, मग यांच्या वंशाची खात्री काय, असा त्यांचा सवाल.

1961 मध्ये मुख्य रब्बी परिषदेनं विवाहाला तत्त्वतः मान्यता दिली. पण 1962 च्या सूचनांनी प्रत्येक बेने इस्रायली जोडप्याची आईकडची पिढी जमेल तितकी मागे जाऊन तपासायला सांगितलं. ज्यांनी शनिवारी घाणा थांबवून धर्म राखला, त्यांच्याच नातवंडांना ज्यू असल्याचा दाखला मागितला गेला. जेरुसलेममध्ये धरणं, उपोषणं झाली. पंतप्रधान लेव्ही एश्कोल यांच्या सरकारनं संसदेत भूमिका घेतली, आणि ऑगस्ट 1964 मध्ये बेने इस्रायली सर्व बाबतींत ज्यूच असल्याचं जाहीर झालं. रब्बी परिषदेनं सूचनांमधून त्यांचा नामोल्लेख काढला. संशय आला तर चौकशीची मुभा राहिली. पण ती आता कुठल्याही ज्यूच्या बाबतीत.

आजचा शोध

2011 च्या जनगणनेत भारतात ज्यू सुमारे साडेचार हजार उरले होते, त्यांतले निम्म्याहून अधिक महाराष्ट्रात. 2003 मध्ये मुंबईला आलेले खबाद पंथाचे रब्बी गॅव्हरिएल होल्ट्झबर्ग लग्नंही लावत. 26 नोव्हेंबर 2008 च्या अतिरेकी हल्ल्यात नरिमन हाउस या खबाद केंद्रात ते आणि त्यांची पत्नी मारले गेले. त्यांच्यानंतरही ते केंद्र चालू राहिलं. केरळात तर 2022 मध्ये कोचीच्या एका ज्यू लग्नासाठी रब्बी थेट इस्रायलहून आला.

कायद्याच्या अंगानं भारतात वाट सोपी आहे. ज्यूंसाठी स्वतंत्र विवाह कायदा नाही. रूढीप्रमाणे झालेलं लग्न मानलं जातं आणि त्याची नोंदणी करता येते. जोडीदार परधर्मी असेल तर 1954 चा विशेष विवाह कायदा आहे. धर्मविधी मात्र तिथे अडतो.

अमेरिकेत हाच पेच मोठ्या प्रमाणावर दिसतो. प्यू संस्थेच्या 2020 च्या पाहणीनुसार 2010 नंतर लग्न केलेल्या अमेरिकी ज्यूंपैकी 61 टक्क्यांचे जोडीदार ज्यू नाहीत. ऑर्थोडॉक्स आणि कॉन्झर्व्हेटिव्ह रब्बी असं लग्न लावत नाहीत. रिफॉर्म पंथाच्या संघटनेनं 1973 मध्ये त्याला नापसंती दर्शवली. पण अंतिम निर्णय ज्या त्या रब्बीवर सोडला. म्हणून तिथली जोडपी आधी रब्बी शोधतात, मग हॉल.

तेव्हा मुंबई-ठाण्यातल्या जोडप्याला द्यायचा सल्ला रोकडा आहे. लग्न हझाननं लावलं तरी ते कमअस्सल ठरत नाही. पण पुढे इस्रायलला जायचा विचार असेल, तर आईवडिलांचा केतुबा, सिनेगॉगच्या नोंदी आणि आधी घटस्फोट झाला असेल तर धर्मपीठाचा ‘गेट’, म्हणजे घटस्फोटपत्र, हे कागद आधीच गोळा करावेत. तिथला रब्बी कोणी लावलेलं लग्न मान्य करतो, हेही विचारून घ्यावं. काजींच्या काळी शेजाऱ्यापाजाऱ्यांची ओळख एवढीच साक्ष पुरत होती, कारण लग्न लावणारा आणि लग्न मानणारा समाज एकच होता. आता लग्न ठाण्यात लागतं आणि ते तपासलं जातं जेरुसलेमला.