पंधराशेच्या गावात सत्तावीस हजार जन्म

यवतमाळ जिल्ह्यात आर्णी तालुक्यात शेंदुरसनी नावाचं गाव आहे. वस्ती पंधराशेच्या आसपास. सप्टेंबर ते नोव्हेंबर २०२५ या तीन महिन्यांत या ग्रामपंचायतीच्या नावावर जन्म-मृत्यू नोंदणीच्या पोर्टलवर, म्हणजे सीआरएसवर, २७ हजारांहून अधिक जन्मांच्या नोंदी झाल्या. उशिरा केलेल्या जन्मनोंदी तपासताना हा प्रकार उघडकीस आला. पोलिसांत गुन्हा दाखल झाला, विशेष तपास पथक नेमलं गेलं.

एवढा मोठा आकडा नुसता वाचला की नजरेखालून निघून जातो, म्हणून हिशेब मांडू. महाराष्ट्रात हजार लोकसंख्येमागे वर्षाला साधारण १५ मुलं जन्माला येतात. या गावात वर्षाकाठी बावीस-तेवीस धरा. या गतीनं २७ हजार जन्म व्हायला सुमारे १,२०० वर्षं लागतील. बाराशे वर्षांपूर्वी या मुलखावर राष्ट्रकूटांचं राज्य होतं आणि अमोघवर्ष गादीवर होता. तेव्हापासून आजपर्यंत गावात जन्मलेलं एकूण एक मूल मोजलं तरी जेमतेम हा आकडा गाठता येईल. या उशिराच्या नोंदी आहेत असं गृहीत धरलं तरी हिशेब बसत नाही. आज गावात असलेल्या प्रत्येक माणसाचा जन्म अठरा-अठरा वेळा नोंदवावा लागेल.

आता अख्खा जिल्हा घ्या. यवतमाळचे १६ तालुके, २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या २७,७२,३४८. एवढ्या जिल्ह्यात तीन महिन्यांत साधारण दहा हजारांच्या थोडी वर मुलं जन्मतात. एका शेंदुरसनीच्या खात्यावर त्याच्या अडीच पटीहून जास्त जन्म चढले. दिवसाला जवळपास तीनशे. रात्रंदिवस, सणवार न पाहता, दर पाच मिनिटांनी एक.

जन्मदाखला म्हणजे काही साधा कागद नाही. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातली दुरुस्ती १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली. तेव्हापासून जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेश, वाहन परवाना, मतदार यादी, पासपोर्ट, आधार, सरकारी नोकरी या सगळ्यांना जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा म्हणून हा एकच दाखला चालतो. माणसाच्या सगळ्या ओळखींचं मूळ असं जिथे आहे, तिथे लॉगिनचा प्रश्न तांत्रिक उरत नाही.

या नोंदी ग्रामपंचायतीच्या आयडीनं झाल्या. म्हणजे पोर्टलनं आयडी-पासवर्ड मागितला, तो बरोबर निघाला आणि दार उघडलं. आपण वेबसाइट बनवणारी माणसं कुलपाच्या मजबुतीवर फार बोलतो, आणि ती मजबुती खरोखरच थक्क करणारी आहे. इंग्रजी वर्णमालेतल्या २६ छोट्या अक्षरांचा आठ अक्षरी पासवर्ड घ्या. शक्यता होतात २०,८८२ कोटींच्या वर. हे ऐकून जीव भांड्यात पडतो, पण पडू देऊ नका. वेबसाइटनं पासवर्ड एमडी-५ सारख्या जुन्या, वेगवान पद्धतीनं साठवले असतील आणि ती यादी चोरीला गेली, तर गेम खेळण्यासाठी विकलं जाणारं आरटीएक्स ४०९० हे एकच ग्राफिक्स कार्ड सेकंदाला सुमारे १६,४०० कोटी अंदाज बांधतं. वीस हजार कोटी शक्यता सव्वा सेकंदात संपतात.

इथे १९९९ साली नील्स प्रोव्होस आणि डेव्हिड माझिएर यांनी मांडलेली बीक्रिप्ट ही पद्धत कामाला येते. ती मुद्दाम संथ आहे. किती संथ, तेही ठरवता येतं, कारण तिला दिलेला अंक एकानं वाढवला की काम दुप्पट होतं. तोच अंक १२ ठेवला, तर तेच कार्ड सेकंदाला जेमतेम चौदाशे अंदाजांवर येतं. मोठी-छोटी अक्षरं, अंक आणि चिन्हं मिळून ९५ खुणा वापरलेला आठ अक्षरी पासवर्ड एमडी-५ मागे सव्वाअकरा तासांत सापडतो. बीक्रिप्टमागे सगळ्या शक्यता तपासायला त्याच कार्डाला दीड लाख वर्षांच्या आसपास लागतील. पासवर्डात एक अक्षरही बदललेलं नाही. लॉगिन करणाऱ्याला पाव-अर्धा सेकंद जास्त थांबावं लागतं, तेवढंच. नवी वेबसाइट लिहिताना यात कंजुषी करायला मला एकही कारण दिसत नाही.

पण हा सगळा हिशेब पासवर्ड स्वैर निवडला असेल तर. २००९ मध्ये रॉकयू या कंपनीकडून ३ कोटी २० लाख पासवर्ड बाहेर पडले, तेही उघड अक्षरांत साठवलेले. त्यात १२३४५६ हा एकच पासवर्ड २ लाख ९० हजारांहून अधिक जणांनी ठेवला होता. असा पासवर्ड बीक्रिप्टमागे लपवला तरी पहिल्याच फटक्यात सापडतो.

ओटीपीचंही तसंच. सहा अंक म्हणजे फक्त दहा लाख शक्यता. तीन चुकांनंतर खातं थोपवलं, तर चोराला संधी दहा लाखांत तीन. थोपवलंच नाही आणि ओटीपीची मुदतही लांबवली, तर सेकंदाला शंभर प्रयत्न करणारा साधा प्रोग्राम पावणेतीन तासांत सगळे आकडे संपवतो. इन्स्टाग्रामसारख्या बलाढ्य कंपनीतही ही फट होती. २०१९ मध्ये लक्ष्मण मुथिया या तमिळनाडूच्या तरुणानं हजार वेगवेगळ्या आयपींवरून दोन लाख आकडे पाठवून दाखवले, कारण मर्यादा फक्त दर आयपीला लावलेली होती. त्याला ३० हजार डॉलरचं बक्षीस मिळालं. प्रयत्नांची मोजणी खात्यामागे ठेवायची असते, येणाऱ्या पत्त्यामागे ठेवून भागत नाही.

शेंदुरसनीच्या बाबतीत यातलं काही उपयोगाचं नाही. आयडी ग्रामपंचायतीचा असतो, माणसाचा नसतो, हीच मुळातली गोम. गावोगावच्या कार्यालयांत संगणकाच्या पडद्याच्या कडेला चिकटवलेली चिठ्ठी पाहिली नाही असा माणूस विरळा. सरकारी पोर्टल एक नसतं, पासवर्डही एक नसतो. ग्रामसेवकाकडे दोन-तीन गावं, ऑपरेटर बदलत राहतो, कामाची रीघ लागलेली. त्या माणसाला दोष देऊन प्रश्न सुटत नाही. दीड लाख वर्षं टिकणारा पासवर्ड फोनवर सांगायला दहा सेकंद लागतात, हे धरूनच पोर्टल बांधायला हवं.

म्हणून प्रत्येकाचं खातं वेगळं, त्याच्या नावाचं. पासवर्डाऐवजी पासकी, जिच्यातली गुप्त किल्ली वापरणाऱ्यालाही दिसत नाही. तो ती कुणाला सांगूच शकत नाही. तिची ताकद २ चा १२८ वा घात धरतात, म्हणजे ३४ वर ३७ शून्यं. वर्षाहून जुन्या जन्माच्या नोंदीला कायद्यानं दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. तो आदेश त्यांच्या स्वतःच्या लॉगिनमधून आल्याशिवाय पुढचं पान उघडूच नये. आणि दार उघडल्यावरही मोजणी चालू राहावी. वर्षाला तेवीस जन्मांच्या गावात एका दिवसात पाचवी नोंद आली की पोर्टलनं थांबावं आणि तालुक्याला कळवावं. हा नियम लिहायला दहा ओळी पुरतात. शेंदुरसनीतला प्रकार त्यानं पहिल्याच दिवशी अडला असता.

ओळख पटवण्याची दुसरी, उलटी चूक, म्हणजे खऱ्या माणसालाच नाकारणं, मात्र याच जिल्ह्यात रोज होते आणि तिची बातमी होत नाही. यवतमाळ हा कापसाचा जिल्हा. वेचणीच्या दिवसांत उकललेल्या बोंडांची वाळलेली टोकं बोटांना ओरबाडतात, वर्षानुवर्षं. कापूस वेचणाऱ्या बाईचा अंगठा मशीनवर ठेवला की रेषा उठत नाहीत. ऑपरेटर ओल्या फडक्यानं बोट पुसतो, पुन्हा दाबायला सांगतो, मग दुसरं बोट, आणि शेवटी ‘थम लागत नाही, उद्या या’. पीएम-किसानला ई-केवायसी लागते, रेशनला अंगठा लागतो, आणि २०२५ च्या हंगामापासून भारतीय कापूस महामंडळाला (सीसीआय) हमीभावानं कापूस विकायचा तर ‘कपास किसान’ अॅपवर आधारसह नोंदणी. २८ फेब्रुवारी २०२४ ला पंतप्रधानांनी यवतमाळमधूनच पीएम-किसानचा सोळावा हप्ता सोडला तेव्हा देशभरातल्या ९ कोटींहून अधिक शेतकऱ्यांच्या खात्यांत २१ हजार कोटींच्या वर रक्कम गेली. त्यातला प्रत्येक हप्ता कुठल्या तरी पडताळणीतून पार झालेला होता.

२०२४-२५ मध्ये देशात आधारच्या २,७०७ कोटी पडताळण्या झाल्या. दिवसाला ७ कोटी ४० लाख, सेकंदाला साडेआठशेच्या वर. उदाहरणापुरतं धरा की शंभरातली एकच चुकीनं नाकारली गेली. तरी दिवसाला ७ लाख ४० हजार वेळा खऱ्या माणसाला ‘तू तो नाहीस’ असं सांगितलं जाईल. शंभरात नव्व्याण्णव गुण कुठल्याही परीक्षेत उत्तम. इथे त्याचा अर्थ एक बुडालेली मजुरी आणि तालुक्याची एक वाया गेलेली खेप, रोज जवळपास साडेसात लाख वेळा.

पीएम-किसानच्या अॅपमध्ये जून २०२३ पासून चेहरा दाखवून ई-केवायसी करता येते, हे फार चांगलं झालं. आधार चालवणाऱ्या यूआयडीएआयचं २४ ऑक्टोबर २०१७ चं परिपत्रकही स्पष्ट आहे: अंगठा जुळला नाही म्हणून कुणाचा लाभ रोखायचा नाही, डोळ्याचं बुबुळ किंवा ओटीपी वापरायचा, तेही जमलं नाही तर कागद पाहून लाभ द्यायचा आणि तशी नोंद वहीत ठेवायची. लॉगिनचं पान लिहिणाऱ्यानं ही वही अॅपमध्येच ठेवावी, एका बटणामागे, मराठीत. तिच्यात गावनिहाय रोज किती नावं चढतात हे तालुक्याला दिसावं, म्हणजे कुठल्या गावचं मशीन बदलायचं आणि कुणाच्या घरी जाऊन चेहऱ्यानं केवायसी करून द्यायची, हे हप्ता सुटण्याआधी कळेल.